राजापूर, दहा हजारांच्या आत

राजापुरात माणसं परत आणली पाहिजेत, असं मी बरीच वर्षं मानत आलो. आमच्या गावाच्या मुंबई मंडळात, वर्गणीचा हिशेब झाला की उरलेल्या वेळात हाच माझा विषय असे. तालुका ओस पडतोय, घरांना कुलपं लागताहेत, शाळांचा पट उतरतोय, आणि यावर उपाय एकच, लोक परत येणं. त्यासाठी कारखाना येवो, बंदर येवो, वीजप्रकल्प येवो. पोरांना गावातच पगार मिळू लागला की गाव पुन्हा पूर्वीसारखं भरेल, असं मी ठासून सांगे. आता मला तसं वाटत नाही. हे मत हळूहळू बदललं, आणि ते बदलल्याने मंडळातल्या काही जुन्या सोबत्यांशी थोडं अंतरही पडलं. म्हणून कारणं नीट मांडावीत असं वाटतं.

आधीचं मत हवेतलं नव्हतं. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार भरली. दहा वर्षांपूर्वी ती जवळपास १६ लाख ९७ हजार होती. सगळं राज्य वाढत असताना आमचा जिल्हा जवळजवळ पाच टक्क्यांनी घटला, शेजारचा सिंधुदुर्गही घटला. राजापूर शहर २००१ साली साडेदहा हजारांच्या आसपास होतं, ते २०११ला ९,७५३वर आलं. १८७६ साली नगरपालिका झालेलं गाव दहा हजारांच्या आत आलं. आजच्या कायद्याने नवी नगरपरिषद करायची तर पंचवीस हजार लोकसंख्या लागते. हे आकडे मी बैठकीत वाचून दाखवायचो तेव्हा माणसं गप्प व्हायची. त्या शांततेवर माझा विश्वास होता.

पहिला धक्का बसला तो जुन्या गॅझेटिअरमुळे. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी छापलेल्या गॅझेटिअरमध्ये राजापूरचं वर्णन फार जिव्हाळ्याने केलं आहे. कोकणातलं सर्वांत जुन्या वळणाचं आणि उत्तम टिकलेलं गाव, उभ्या चढाचे अरुंद रस्ते, फरसबंद बाजार, खाडीकडे तोंड केलेली इंग्रजांची दगडी वखार. माझ्या डोक्यातलं ‘पूर्वीचं राजापूर’ ते हेच. आणि त्याच वर्णनात १९०१च्या गणनेची लोकसंख्या दिली आहे: ५,१७८. म्हणजे मी ज्याला रिकामं होत चाललेलं म्हणत होतो, ते २०११चं राजापूर त्या ‘भरलेल्या’ राजापूरच्या जवळपास दुप्पट होतं.

मी तो आकडा पुन्हा पुन्हा पाहिला. मग विचार आला की आपण ज्या भरलेपणाकडे परत जायचं म्हणतोय, तो नेमका कोणत्या साली होता? माझ्या आजोबांच्या काळी? ते तर स्वतः गिरणीत होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबई शहरात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली माणसं दोन लाखांच्या वर होती, आणि तेव्हाच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्याची, म्हणजे आजचा सिंधुदुर्ग धरून, लोकसंख्या साडेअकरा ते बारा लाख होती. रेल्वे नाही, डांबरी रस्ता नाही, पावसाळ्यात बोटी बंद. तरी माणसं मुसाकाजीला, जैतापूरला बोटीत बसून जात होती. गावातून बाहेर पडणं हे माझ्या पिढीचं दुखणं नव्हतंच. हा या मुलखाचा चार पिढ्यांचा संसार होता, एक चूल इथे आणि एक तिथे.

असं का, याचं उत्तर शोधायचं तर जमिनीकडे बघावं लागतं. राजापूर तालुका हा रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिणेकडचा शेवट. पूर्वेला अणुस्कुऱ्याचा घाट, पश्चिमेला समुद्र. मधल्या पट्ट्यात सपाट, काळ्या-लाल जांभ्याचे सडे आणि त्यांना चिरत गेलेल्या खोल दऱ्या. अर्जुना सह्याद्रीतून येते, कोदवली तिला राजापूर गावातच मिळते, आणि तिथून पुढे भरती-ओहोटीचं पाणी लागतं. गलबतं आत जिथवर येऊ शकत आणि घाट उतरलेले बैल जिथवर येऊन थांबत, त्या जागी हे गाव वसलं. घाटावरचा माल इथे उतरायचा आणि खाडीने जायचा. मिरीसाठी, कापडासाठी इंग्रज इथे वखार घालून बसले ते त्यामुळेच. शिवाजी महाराजांनी १६६१ साली ती वखार लुटली, कारण आदल्या वर्षी पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली होती. हे सगळं शाळेत शिकलो होतो. पण बंदराच्या गावाला माणसं किती लागतात, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मालाची ने-आण करणारं गाव मोठं असावं लागत नाही, मोक्यावर असावं लागतं. पुढे खाडी गाळाने भरत गेली. गॅझेटिअर लिहिलं तेव्हाच मोठं जहाज जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैलांच्या आत येऊ शकत नव्हतं, तरी अरबी गलबतं थेट येणारं जिल्ह्यातलं हे एकच बंदर उरलं होतं. त्याच गाळाचा भोग आता दर पावसाळ्यात जवाहर चौक भोगतो. दोन्ही नद्यांचं पाणी चढतं आणि व्यापाऱ्यांना रात्रीतून दुकानं रिकामी करावी लागतात.

शहराबाहेरचा तालुका तर आणखी वेगळा. इथे तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि एप्रिल-मे महिन्यात वाड्यांवर टँकर फिरतो. जांभा पाणी धरत नाही. ते दगडातून झिरपतं, दरीच्या अंगाला कुठेतरी झरा होऊन फुटतं आणि पऱ्याने खाडीला जातं. जिथे झरा तिथे वाडी. खाली मळ्यात भाताची खाचरं, त्याच्या वर आगर, त्याच्याही वर वरकस जमीन, जिच्यात एकदा नाचणी-वरी काढली की पुढली काही वर्षं ती पडीक ठेवावी लागते. वर सडा, म्हणजे उघडा कातळ. एका झऱ्यावर, एका मळ्यावर ठरावीक घरंच जगू शकतात. भाऊ वाढले की एकाने बाहेर पडायचं, हे कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण घराघरांत पाळलं जात होतं. जिल्ह्याची घनता २०११ला चौरस किलोमीटरला १९७ होती, राज्याची ३६५. हा फरक आम्ही गाव सोडल्याने पडला असं मी म्हणायचो. आज मला वाटतं, तो बऱ्याच अंशी या कातळाने आणि या पाण्याने ठरवलेला आहे.

कातळाबद्दल एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण माझ्या आधीच्या मताचा मोठा आधार तो होता. सडा म्हणजे रिकामी जागा, सातबाऱ्यावर पोटखराबा, तिथे काय बांधाल ते नफ्याचंच, असं मी धरून चाललो होतो. मग बारसू, देवीहसोळ, रुंढेतळी, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं पाहिली. माणसाच्या उंचीहून मोठ्या आकृती, प्राणी, मासे, न उलगडणाऱ्या रचना, सगळं त्या ‘रिकाम्या’ दगडात कोरलेलं. २०२२ साली ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२३मध्ये, त्याच बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी मातीच्या चाचण्या सुरू झाल्या आणि तालुका दोन गटांत विभागला गेला. प्रकल्प असावा की नसावा हा स्वतंत्र वाद आहे, त्यात इथे शिरत नाही. मी हललो ते वेगळ्या कारणाने. आंदोलनातल्या बायका सांगत होत्या की पावसाळ्यात गुरं सड्यावर जातात, तिथल्याच खोलगट जागेत भात लावतो, तिथलं पाणी मुरतं म्हणून खालच्या विहिरी जगतात. मी मुंबईत बसून ज्याला ओसाड म्हणत होतो, ते त्यांच्या रोजच्या वापरातलं होतं. नकाशावर घर दिसत नाही म्हणून ती जागा कोणाचीच नाही, हे माझं गृहीतक त्या दिवसांत सुटलं.

जनगणनेकडेही मग मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. २०११ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली आणि १ मार्चच्या मध्यरात्रीचा क्षण प्रमाण धरला गेला. कोकणातल्या माणसाला विचारा, फेब्रुवारी म्हणजे काय. गणपती होऊन पाच महिने झालेले, शिमगा अजून यायचा, आंबा झाडावर, मुलांच्या परीक्षा तोंडावर. चाकरमानी गावात असण्याची वर्षातली सर्वांत कमी शक्यता याच दिवसांत. २०११ची होळी १९ मार्चला होती. पालखी नाचवायला गाव भरलं तेव्हा प्रगणक आपली पुस्तकं जमा करून मोकळे झाले होते.

एकेकाळी मी यावरून तक्रार केली असती. आमची माणसं मोजली नाहीत, आमचा आकडा चोरला, असं म्हणालो असतो. आता मला वाटतं फेब्रुवारीची मोजणी योग्यच आहे, इतकी योग्य की तिच्याकडे नीट पाहिलं नाही ही आपली चूक. फेब्रुवारीत जो गावात असतो, तोच गावात राहतो. त्यात माझी काकी येते. वाडीतल्या तिच्या वयाच्या बायका येतात. आंबा-काजूच्या बागेत राखणीला राहिलेल्या नेपाळी जोडप्याचा मुलाबाळांसह संसार येतो. बाजारातले दुकानदार, मच्छीमार, बँकेत बदली होऊन आलेला परजिल्ह्यातला कर्मचारी, शाळेतल्या बाई येतात. मी येत नाही, आणि यायलाही नको. बैठकीत मात्र तालुक्याचं भवितव्य ठरवायला मी असतो आणि यांच्यातलं कोणीही नसतं.

काकीमुळे मला हे सर्वांत स्पष्ट दिसलं. काका १९८२च्या गिरणी संपानंतर गावी परतले. संप मिटण्याची वाट पाहिली, मग खोली भावाला देऊन आले आणि मळा कसू लागले. माझ्या बोलण्यात ते नेहमी आदर्श म्हणून येत, परत आलेला माणूस. पण त्यांच्या परतण्याने काकीचं काय झालं, हे मी कधी विचारलं नव्हतं. ते परतण्याआधीची सगळी वर्षं शेती, गुरं, सासू-सासरे, लावणी-कापणी तिने एकटीने ओढली होती. काका गेल्यावर ती परत एकटी आहे. एका मे महिन्यात आम्ही सगळे घरी जमलो होतो आणि मी ओटीवर बसून लोक परत आणण्याचंच बोलत होतो. ती रवळीत तांदूळ धूत होती. म्हणाली, “तुम्ही मे महिन्यात येता तेव्हा विहीर तळाला जाते रे बाबू. जूनात जाता तेव्हा वडापपण बंद होतो. मला डॉक्टरकडे न्यायला गाडी कधी येईल ते बघ आधी.”

वडापची जीप पुरेसे प्रवासी नसले की निघत नाही. एसटीची फेरी भारमान कमी म्हणून रद्द होते. राजापूर रोड स्टेशन गावापासून इतकं लांब आहे की गाडी धरायलाच वेगळी गाडी लागते. दुखणं मोठं असेल तर रत्नागिरी, त्याहून मोठं असेल तर कोल्हापूर, म्हणजे घाट चढून. काकीच्या सगळ्या अडचणी माणसं कमी असण्याच्या आहेत, हे खरं. पण त्यांवर उपाय म्हणून पंचवीस वर्षांनी येणारी गर्दी तिच्या काय कामाची?

आणि ही गर्दी येईपर्यंत सगळी व्यवस्था डोकी मोजून चालते. प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष सपाट भागात तीस हजार लोकसंख्येचा, डोंगरी भागात सवलत म्हणून वीस हजारांचा. उपकेंद्राचा पाच हजार, डोंगरात तीन हजार. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांचं अनुदान राज्यांत वाटताना लोकसंख्येला ९० टक्के वजन दिलं आणि क्षेत्रफळाला १० टक्के. वीसच्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार राज्यात २०२३ साली पुढे आला. शाळा लांब गेली तर सपाटीवर तीन किलोमीटर म्हणजे सायकलवरची दहा मिनिटं. आमच्याकडे तीन किलोमीटर म्हणजे एक दरी उतरून, साकवावरून पऱ्या ओलांडून, दुसरी घाटी चढणं, आणि जुलैमध्ये तो साकवच पाण्याखाली असतो. पहिलीतलं पोर ते कसं करणार? माणशी खर्च काढला तर आमची प्रत्येक वाडी महाग पडते. पूर्वी मी याचा अर्थ लावायचो की माणसं वाढवली पाहिजेत, म्हणजे खर्च परवडेल. आता मी म्हणतो, अंतर मोजा, चढ मोजा, पाऊस मोजा, आणि त्यावर पैसे द्या. विरळ वस्ती हा या भूगोलाचा स्वभाव आहे, तिथल्या माणसांचा गुन्हा नाही.

स्त्री-पुरुष प्रमाणाबद्दलही माझं बोलणं बदललं. २०११ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, राज्यात ९२९. हा आकडा आम्ही अभिमानाने सांगायचो, कोकणात लेकीबाळींना मान आहे म्हणून. पण शून्य ते सहा वर्षांच्या मुलांत हेच प्रमाण हजाराच्या खाली आहे. म्हणजे मुली जास्त जन्मतात असं नाही. पुरुष निघून जातात आणि बायका मागे राहतात, हे त्या ११२२मध्ये लिहिलेलं आहे. ज्यांनी गाव चालू ठेवलं त्यांची ती नोंद आहे, आणि आम्ही ती आमच्या संस्कृतीचं प्रशस्तिपत्र म्हणून वापरली.

मंडळातल्या एका ज्येष्ठ सोबत्याचा माझ्या नव्या मताला कडाडून विरोध आहे, आणि त्यांचं म्हणणं मला सहज बाजूला सारता येत नाही. ते विचारतात, मग काय गाव हळूहळू संपू द्यायचं? काकीनंतर त्या घरात कोण? मळा कोण लावणार? यातलं दुःख खरं आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या वाडीतली खाचरं एकामागून एक पडीक गेली. बांध फुटला की शेजारच्या खाचरातलं पाणीही टिकत नाही, त्यामुळे एकाने सोडलं की दुसऱ्यालाही सोडावं लागतं. गडगे ढासळतात, वानर आणि डुक्कर उरलेलं पीक ठेवत नाहीत. काही वाड्या खरोखर मिटतील. त्या मिटू नयेत असं मला आजही मनापासून वाटतं. पण माणसाला हाक मारून परत बोलावता येत नाही, हे काकांच्या पिढीने दाखवलं. ती परतली ती संपाने हाकलली म्हणून. कोणी यावं असं वाटत असेल तर जे आहेत त्यांचं जगणं सुकर असलं पाहिजे. ज्या गावात सत्तरीच्या बाईला तपासणीला जायला दिवस मोडावा लागतो, तिथे तिची नात लहान मूल घेऊन का येईल?

राजापुरातच याचं एक जुनं उदाहरण आहे. कोदवलीला इंग्रजांच्या काळात बांधलेलं धरण आहे, लोक त्याला सायबाचं धरण म्हणतात. तिथलं पाणी उताराने, पंपाशिवाय गावात येतं. पाच-सहा हजार वस्तीच्या गावासाठी कोणीतरी जमिनीचा उतार पाहून ते बांधलं आणि पिढ्यान्‌पिढ्या गाव ते प्यालं. आज कोणी तसा प्रस्ताव ठेवला तर लाभार्थी संख्या अपुरी म्हणून तो परत येईल, अशी मला भीती वाटते.

पुढची जनगणना आता २०२७मध्ये, १ मार्चच प्रमाण दिवस धरून होणार आहे. मंडळात काहींची सूचना आहे की त्या काळात सगळ्यांनी गावी जावं, नावं लावावीत, तालुक्याचा आकडा वाढवावा. मी तिला विरोध केला आहे. आपली नावं आपण राहतो तिथे, डोंबिवलीत, विरारला, दिव्याला लागू देत. गावचा आकडा नऊ हजार येवो की आठ, तो खरा असू दे, म्हणजे त्याच्यावर खरं मागणं मागता येईल. मंडळाकडे गावच्या वेशीवर कमान बांधण्यासाठी जमलेली रक्कम आहे. ती वाडीवरच्या शेअर रिक्षाला ठरावीक दिवशी ठरावीक फेरी मारण्यासाठी, प्रवासी एकच असला तरी, भाडं म्हणून द्यावी असा माझा ठराव आहे. मंगळवारी ग्रामीण रुग्णालय आणि शनिवारी बाजार. पहिल्या बैठकीत तो पडला. पुढच्या बैठकीत मी तो पुन्हा मांडणार आहे, आणि या वेळी वाडीतल्या बायकांनाही फोनवर घ्यावं असं सुचवलं आहे.